रानातला बाण, मैदानातला बाण

हैदराबादेत राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींची श्रीशैलची एक तरी वारी झालेली असतेच. शहर मागे टाकून दीडशेएक किलोमीटर गेले की अमराबादचे जंगल लागते. मल्लिकार्जुनाच्या ओढीने आपण ते गाडीच्या काचेतून पाहतो आणि पुढे निघतो. हे चेंचूंचे रान. अहोबिलमच्या नरसिंहाने चेंचूंची लेक चेंचुलक्ष्मी हिच्याशी लग्न केले, अशी इकडची लोककथा आहे; म्हणजे ही देवाची सासुरवाडीच! निजामाच्या काळात, १९४० साली, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ या पठारावर चेंचूंमध्ये राहिले आणि १९४३ साली त्यांचा चेंचूंवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कंदमुळे, मध आणि धनुष्यबाणाने केलेली शिकार यांवर जगणारे हे लोक.

यंदा स्मरणिकेची जुळवाजुळव करताना आमच्या गप्पा तिरंदाजीवर आल्या आणि एक प्रश्न निघाला. ज्या देशात बाण चालवणारे एवढे हात रानोमाळ होते, तिथला शिकारी स्पर्धेच्या मैदानावर कधी आणि कसा पोचला?

उत्तर शोधताना १९७२ या सालापाशी आम्ही थांबलो. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर कायद्याची बंधने आली. वाघ-हरणे वाचवायला तो कायदा हवाच होता. त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी तब्बल ५२ वर्षांनी परतली, आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. एक दार बंद होत होते, दुसरे उघडत होते. पण पहिल्या दारातून निघालेल्या माणसाला दुसऱ्या दारापर्यंत नेणारी वाट कोणी आखली नव्हती.

ती वाट ठळकपणे दिसते १९८७ साली. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली आदिवासी भागांत जाऊन मुलांच्या चाचण्या घेतल्या. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या सरादीत गावचा लिंबाराम हा मुलगा बांबूच्या धनुष्याने चिमण्या, तित्तर टिपत असे. शेजारच्या गावी चाचणी आहे ही बातमी त्याच्या काकाने घरी आणली. लिंबारामची निवड झाली, दिल्लीला शिक्षण सुरू झाले, आणि त्याच वर्षी तो राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेत विजेता झाला. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये तो भारतातर्फे उतरला. १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. १९९१ चा अर्जुन पुरस्कार आणि २०१२ ची पद्मश्री त्याच्या नावापुढे लागली.

ही गोष्ट ‘उपजत नेमबाज, दुसरे काय!’ म्हणून संपवणे आम्हांला पटत नाही. शिकारी जवळून बाण सोडतो, हलत्या सावजावर, अंदाजाने आणि झटपट. पहिला बाण लागला तर काम झाले, चुकला तर सावज गेले. स्पर्धेत सावज हलत नाही, पण दूर असते आणि बाण मोजले जातात. त्या काळी पुरुषांच्या फेरीत ९०, ७०, ५० आणि ३० मीटरवरून प्रत्येकी ३६ असे १४४ बाण मारावे लागत. प्रत्येक वेळी दोरी हनुवटीशी त्याच जागी यावी लागते, खांदा तसाच, श्वास तसाच. रानातली चिकाटी, वाऱ्याचा अंदाज, सावजासमोरची शांती हे सारे उपयोगी पडते. पण एकच कृती १४४ वेळा करायला नव्याने शिकावे लागते. त्यासाठी गुरू हवा, धनुष्य हवे आणि दोन वेळची भाकरीही हवी. लिंबारामला ते मिळाले.

शिकारीकडून स्पर्धेकडे ही वाट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत यादवी युद्धानंतर मॉरिस आणि विल थॉम्पसन हे भाऊ धनुष्याने शिकार करून राहिले. त्यांच्याच प्रयत्नातून १८७९ साली तिथली राष्ट्रीय तिरंदाजी संघटना उभी राहिली आणि शिकागोतली पहिली स्पर्धा विलनेच जिंकली. १९६० च्या दशकात मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने कप्प्या लावलेले ‘कंपाउंड’ धनुष्य घडवले तेही शिकारीसाठीच. त्याच जातीच्या धनुष्याने २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. २०२५ साली आपल्या तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्याच्या तानिपर्ती चिकिताने कंपाउंडमध्येच युवा जागतिक अजिंक्यपद मिळवले.

तिरंदाजीचा विषय निघाला की एकलव्य आठवतोच. अंगठा दिल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारत सांगते. भिल्लांत आजही दोरीला अंगठा न लावण्याची रीत त्याच्या आठवणीने पाळतात, असे म्हणतात. गंमत अशी की आजच्या ऑलिंपिक धनुष्याची दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनीच ओढतात. अंगठा तिला शिवतही नाही. अंगठा नसलेला एकलव्य या मैदानावर उतरू शकला असता. त्याला अडवणारी गोष्ट वेगळीच होती: शाळेत प्रवेश.

म्हणून आम्हांला वाटते, चाचणी गावापर्यंत जाणे हीच या इतिहासातली मोलाची घटना. सरादीतजवळ ती १९८७ साली गेली. पुढच्या खेपेला श्रीशैलच्या वाटेवर चहाला थांबाल, तेव्हा तिथल्या पोरांशी चार शब्द बोला. आपल्या मंडळाचा क्रीडा निधी दरवर्षी शहरातल्या स्पर्धांवर खर्च होतो. त्यातून एका चेंचू मुलाच्या किंवा मुलीच्या सरावाचे धनुष्य घेता येईल का, हा प्रश्न आम्ही विसर्जनानंतरच्या सभेत मांडणार आहोत. सभासदांनी त्याला अवश्य यावे.

गणपती बाप्पा मोरया!