लॅम्प्रेचा बंदोबस्त

प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवलेला पेट्रोमायझॉन आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. वामेसारखा लांब, गोल तोंडाचा, जबडे नसलेला. वर्गीकरण वहीत उतरवून आपण पुढच्या बाटलीकडे वळतो. याच समुद्री लॅम्प्रेने उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांतील मासेमारी पार बुडवली होती.

वरच्या सरोवरांकडे जाताना नायगारा धबधबा त्याला आडवा येई. धबधबा टाळून जहाजे नेण्यासाठी वेलँड कालवा १८२९ साली सुरू झाला आणि पुढे तो खोल करण्यात आला. १९२१ साली लॅम्प्रे ईरी सरोवरात सापडला, तर १९३८ पर्यंत सुपीरियरमध्ये पोहोचला. माशाला तोंडाने चिकटायचे, दातेरी जिभेने कातडी खरवडायची आणि रक्त शोषायचे, ही त्याची रीत. एक लॅम्प्रे आपल्या परजीवी काळात १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. वरच्या सरोवरांत पूर्वी वर्षाला सुमारे ६,८०० टन लेक ट्राउट मिळत. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते जेमतेम १३५ टनांवर आले. बेसुमार मासेमारीचाही यात वाटा होता, हे सांगायलाच हवे.

एवढ्या अफाट पाण्यात लॅम्प्रेला गाठायचे कुठे? व्हर्नन ॲपलगेट यांनी मिशिगनमधील नद्यांत त्याचे जीवनचक्र चिकाटीने अभ्यासले. प्रौढ लॅम्प्रे नदीत चढून अंडी घालतो आणि मरतो. अंड्यांतून निघालेल्या आंधळ्या अळ्या मात्र कित्येक वर्षे नदीच्या गाळात पडून असतात. म्हणजे अनेक वर्षांची पैदास एकाच गाळात सापडते! नदीत जाळ्या आणि विजेचे अडथळे लावून प्रौढ अडवले, तरी गाळातल्या अळ्या पुढे वर्षानुवर्षे सरोवरात उतरतच राहत.

तेव्हा अळ्यांना मारील पण इतर माशांना सोडील असे विष हवे होते. ह्यूरन सरोवराकाठच्या हॅमंड बे केंद्रात त्याचा शोध सुरू झाला. काचेच्या बरण्यांत लॅम्प्रेच्या अळ्या आणि दुसरे मासे एकत्र ठेवायचे, रसायन घालायचे आणि कोण मरते ते पाहायचे. पद्धत इतकी साधी, पण रसायने सुमारे ६,०००! त्यातून टीएफएम हे नायट्रोफेनॉल वर्गातले संयुग हाती आले आणि १९५८ पासून ते नद्यांत वापरले जाऊ लागले. ते पेशींतील ऊर्जानिर्मिती बिघडवते. बहुतेक मासे त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर टाकतात. लॅम्प्रेला हे नीट जमत नाही. तरीही ते अगदीच निरुपद्रवी नाही. लहान स्टर्जन मासे आणि मडपपी हे उभयचर त्याला बळी पडू शकतात, म्हणून पाण्याचा सामू आणि क्षारता मोजून मात्रा ठरवावी लागते.

लॅम्प्रेची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली, पण तो नाहीसा झाला नाही. नदीत अळ्या पुन्हा वाढतात, त्यामुळे दर काही वर्षांनी औषध सोडावे लागते. २०२० आणि २०२१ साली कोविडमुळे प्रवासावर निर्बंध आले आणि ठरलेल्या बऱ्याच नद्या तशाच राहिल्या. पुढच्या वर्षांत सरोवरांत लॅम्प्रे पुन्हा वाढलेले आढळले.