कॉर्नरबॅकची निवडपूर्व पारख

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाच्या कडेला उभे राहून प्रतिपक्षाच्या झेल घेणाऱ्या खेळाडूला रोखणाऱ्यास कॉर्नरबॅक म्हणतात. महाविद्यालयीन संघांतील अशा खेळाडूंची पाहणी व्यावसायिक संघ आपल्या वार्षिक निवडीपूर्वी, म्हणजेच ड्राफ्टपूर्वी, करतात. कोणाकडे पाहिले गेले आणि कोणाकडे पाहिलेच गेले नाही, हाच या पाहणीच्या इतिहासातील मुख्य भाग होय.

बर्ट बेल यांच्या सूचनेवरून नॅशनल फुटबॉल लीगची पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाली. त्या वेळी पगारी पारखी नव्हते. फळ्यावर लिहिलेली सु. ९० नावे बरीचशी वृत्तपत्रे व ओळखीच्या शिफारशी यांवरून जमविलेली होती. एकच खेळाडू चढाई व बचाव दोन्ही करी. १९५० मध्ये खेळाडू बदलण्यावरील बंधन उठल्यावर बचावातील विशेषज्ञांना महत्त्व आले. पूर्णवेळ पारखी नेमण्यात लॉस अँजेल्स रॅम्स हा संघ अग्रेसर होता. तरीही डिक लेन या खेळाडूला कोणीच निवडले नाही. तो १९५२ मध्ये कात्रणांची वही घेऊन स्वतःच रॅम्सच्या कार्यालयात गेला आणि त्याच हंगामात, केवळ १२ सामन्यांत, त्याने प्रतिपक्षाचे १४ चेंडू मधेच झेलले. हा उच्चांक अद्याप मोडलेला नाही.

१९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पुढे हे दार उघडले, तरी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची महाविद्यालये बराच काळ उपेक्षित राहिली. पिट्सबर्ग कूरिअर या पत्राचे क्रीडालेखक बिल नन यांचा या महाविद्यालयांशी निकटचा परिचय होता. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्यांना १९६० नंतरच्या दशकाअखेरीस आपल्या पारखी मंडळात घेतले. सदर्न विद्यापीठाचा मेल ब्लंट १९७० मध्ये तिसऱ्या फेरीत या संघाकडे आला. त्याची धक्काबुक्की एवढी परिणामकारक ठरली, की १९७८ मध्ये चेंडू खेळात येण्याच्या रेषेपासून ५ यार्डांपलीकडे असा अटकाव करण्यास मनाई झाली. परिणामी बळापेक्षा पदन्यास व वेग यांची पारख महत्त्वाची ठरली.

१९८२ मध्ये टँपा येथे सुरू झालेले सामाईक चाचणी-शिबिर १९८७ पासून इंडियानापोलिस येथे भरू लागले. तेथील ४० यार्डांच्या (सु. ३६·६ मी.) धावेला वृत्तपत्रांत अवाजवी प्रसिद्धी मिळते. कॉर्नरबॅक प्रथम पाठमोरा धावतो, मग कंबरेतून वळतो. सरळ धावेत हे दिसत नाही. जाणता पारखी म्हणूनच चित्रफितीत प्रथम त्याचे पाय पाहतो आणि चेंडू हवेत असताना त्याची मान केव्हा वळते, ते पाहतो. आकडेही फसवे असतात : प्रतिपक्ष ज्याच्या बाजूला चेंडू टाकण्याचेच टाळतो, त्याच्या नावावर झेल थोडेच लागतात.

स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन प्रथम झेल घेणारा खेळाडू होता. २०११ मध्ये तो पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर निवडला गेला व पुढे सिअ‍ॅटलच्या बचावाचा आधारस्तंभ बनला. वेस्ट अलाबामा या लहान विद्यापीठाच्या माल्कम बटलरला २०१४ मध्ये कोणीच निवडले नाही. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये शर्मनच्याच संघाचा अखेरच्या क्षणीचा चेंडू गोलरेषेजवळ त्याने झेलला आणि न्यू इंग्लंड संघाचा विजय निश्चित केला.