कापायचे की थांबायचे? सायटिकाच्या एका जुन्या वादाचा इतिहास

१/ कमरेतून निघून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ. आयुर्वेदात हिचे नाव 'गृध्रसी'. आपण सायटिका म्हणतो. खुब्याच्या सांध्याचे दुखणे वेगळे आणि नसेचे वेगळे, ही विभागणी नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो याने १७६४ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. नस नेमकी कशाने दुखावते, याचे उत्तर मिळायला मात्र आणखी १७० वर्षे लागली.

२/ १९३४, बोस्टन. विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९ रुग्णांच्या आधारे दाखवले, की मणक्यांमधील चकती फुटते आणि तिचा बाहेर आलेला भाग नसेच्या मुळावर दाबतो. तोवर शस्त्रक्रियेत असा तुकडा सापडला, तर ती बहुधा कूर्चेची गाठ समजली जाई. कारण कळले, तेव्हा उपायही उघड वाटला : तुकडा काढून टाका. पुढची कित्येक दशके तेच चालले. रुग्ण बरेही होत.

३/ पण शस्त्रक्रियेविना बरे होणारेही पुष्कळ होते! मग श्रेय कोणाला द्यायचे?

४/ नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी हा प्रश्न धसास लावला. २८० रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रिया अटळ होती, काहींना तिची गरजच नव्हती. उरलेल्या १२६ जणांबाबत खरोखर संदेह होता; केवळ त्यांचीच यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटणी केली. संदेह असेल तेथेच चिठ्ठी टाकायची, हा विवेक मला या प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. रुग्णांचा मागोवा दहा वर्षे घेतला. १९८३ मध्ये निष्कर्ष छापून आले : वर्षाअखेर शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे, चौथ्या वर्षी फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेना, दहाव्या वर्षी जवळपास नाहीच. दोन्ही पक्षांनी खुशाल आपापल्या सोयीचे वर्ष उचलावे, असा हा निकाल.

५/ अमेरिकेतील 'स्पोर्ट' चाचणी (२००६) आकाराने मोठी, ५०१ रुग्णांची. पण शस्त्रक्रियेच्या गटातील निम्म्यांनीच तीन महिन्यांत ती करून घेतली आणि दुसऱ्या गटातील ३० टक्क्यांनी मात्र करून घेतली! तुलना विसविशीत झाली. रुग्णांना दोष कसा द्यावा? रात्र रात्र तळमळणारा माणूस चिठ्ठीला किती काळ बांधील राहील?

६/ डच संशोधकांनी २००७ मध्ये प्रश्नच बदलला : 'करावी का' ऐवजी 'केव्हा करावी'. सहा ते बारा आठवडे तीव्र वेदना सोसलेले २८३ रुग्ण. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे वाटत असल्याचे सांगत होते.

७/ इतर उपायांचीही परीक्षा झाली. दोन आठवड्यांची सक्तीची विश्रांती १९९९ च्या डच चाचणीत निरुपयोगी ठरली. प्रीगाबालिन हे औषध २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर तपासले. वेदना काही कमी झाली नाही, चक्कर मात्र वाढली.

८/ एक खुलासा. लघवी-शौचावरचा ताबा सुटलेले रुग्ण डच चाचणीत घेतलेच नव्हते. तेथे थांबण्याचा प्रश्नच येत नाही; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.