वैरागडला निघत होता तो हिराच

जरीपटक्यात किंवा इतवारीत सराफाच्या पेढीवर गिऱ्हाइकासमोर येतो तो पैलू पाडलेला हिरा. त्यामुळे हिरा म्हणजे झगमगाट, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. वैरागडच्या खाणीवरचा आक्षेपही याच समजातून निघतो. आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात असलेल्या या गावी हिऱ्याची खाण असल्याचे अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईन-ए-अकबरीत नोंदवले आहे. मुलूख तेव्हा चांद्याच्या गोंड राजांचा होता. यावर कोणी म्हणेल की जुन्या काळी चकाकेल त्या गारगोटीला हिरा म्हणत; वैरागडला निघत असेल तो साधा स्फटिक.

पण हे दोन्ही खडे जमिनीतून निघतात त्या रूपात शेजारी ठेवून पाहावेत. स्फटिकाचा खांब सहा बाजूंचा, वर निमुळता, आणि धुतला की काचेसारखा लखलखणारा. कच्चा हिरा मंद, तेलकट दिसतो; त्याचा आकार पुष्कळदा अष्टफलक, म्हणजे दोन चौकोनी पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा. नुसत्या चकाकीला भुलणारा माणूस स्फटिक उचलेल आणि हिरा फेकून देईल. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेत उत्तम हिऱ्याला सहा टोके, आठ बाजू आणि बारा धारा सांगितल्या आहेत. अष्टफलकाचे हे गणित तंतोतंत आहे आणि स्फटिकाला ते कुठूनही बसत नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत हिरा कशानेही न भेदणारा, स्निग्ध आणि इंद्रधनुष्यासारख्या तेजाचा म्हटला. मोहसच्या पट्टीवर हिऱ्याचे काठिण्य 10, स्फटिकाचे 7. ही पट्टी केवळ क्रम दाखवते, प्रत्यक्षातले अंतर कितीतरी मोठे आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42, स्फटिकाचा सुमारे 1.55. प्रकाशाचे रंग वेगळे करण्याची ताकद हिऱ्यात 0.044, स्फटिकात 0.013. इंद्रधनुष्य आठवावे असा खडा या दोहोंपैकी कोणता, हे आकडेच सांगतात. (खरा हिरा घणानेही फुटत नाही, या समजुतीने मात्र जगभर किती चांगल्या खड्यांचा चुरा झाला असेल! ओरखडा न उठणे वेगळे आणि न फुटणे वेगळे. हिरा चार दिशांनी सहज चिरतो.)

आता अडचणीची बाजू. चांगला हिरा हलका असतो, पाण्यावर तरतो, असेही वराहमिहिर सांगतो. हिऱ्याची सापेक्ष घनता 3.52, स्फटिकाची 2.65, दोन्ही बुडतात, आणि हिराच अधिक जड. मग या परीक्षेवर विश्वास का ठेवायचा? हिऱ्याचा पृष्ठभाग पाण्याने सहजी भिजत नाही, पण चरबीला चिकटतो. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींत चरबी लावलेल्या फळ्यांवर हिरे याच गुणाने वेगळे काढले जात. असा बारीक कण अलगद सोडला तर पाण्याच्या ताणावर टिकू शकतो. वराहमिहिराच्या विधानामागे असे काही पाहिलेले असावे, हा माझा तर्क. तो चुकला तरी टोके-धारांचा हिशेब खोटा ठरत नाही.

ग्रंथ कुठले आणि वैरागड कुठले, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे. बृहत्संहितेत हिऱ्यासाठी वाखाणलेला वेणेचा काठ म्हणजे वैनगंगेचा, असे काही अभ्यासक मानतात. त्यावर एकमत नाही, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. ग्रंथांवरून एवढेच दिसते की इथल्या पारख्यांना कच्चा हिरा ओळखता येत होता. अकबराच्या रत्नशाळेत हिऱ्यांची किमतीप्रमाणे प्रतवारी होत असे, हे अबुल फजलच लिहितो. त्या दरबाराला गारगोटी हिरा म्हणून खपवणे सोपे नव्हते. शिवाय वैरागड ज्या प्राचीन बस्तर भूखंडावर आहे, त्याच भूखंडावर छत्तीसगडात मैनपूरजवळ हिरे असलेला किंबर्लाइट खडक सापडला आहे. तेव्हा वैरागडचा हिरा नाकारायचा असेल, तर पुराव्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर येते.