उष्टं सेटिंग

एकाने साइटवर मराठी निवडली. थोड्या वेळाने भलताच कुणी आला, भाषेबद्दल चकार शब्द न काढता, आणि त्याच्यापुढेही मराठीच पान आलं. रिफ्रेश केलं की इंग्रजी. रेल्स या वेब-फ्रेमवर्कवाल्यांना हा बग चांगलाच ठाऊक आहे. त्याचं कूळ मात्र रेल्सहून जुनं.

1993 मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसएत सीजीआय, म्हणजे वेब सर्व्हरने प्रोग्राम चालवण्याची पद्धत, आकाराला आली, तेव्हा असल्या घोळाला वावच नव्हता. दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस. काम संपलं की तिच्यासकट सगळं पुसलं जायचं. संथ, पण सोवळं. वेगापायी मग एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड नांदू लागले आणि ग्लोबल व्हेरिएबलवर सगळ्यांचाच हात पडू लागला. तोडगा निघाला थ्रेड-लोकलचा: नाव एक, पण प्रत्येक थ्रेडची व्हॅल्यू वेगळी. सी भाषेतल्या एररचा क्रमांक ठेवणाऱ्या ‘एररनो’लाही हेच औषध द्यावं लागलं. जावात ही सोय 1998 मध्ये आली.

मेख अशी, की सर्व्हर थ्रेड फेकून देत नाही. तो पूलमध्ये ठेवतो आणि पुढच्या रिक्वेस्टला तोच जुंपतो. ताट न विसळता दुसऱ्याला वाढावं तसं. आणि जावात थ्रेड-लोकल रिकामा करणारी ‘रिमूव्ह’ मेथड आली थेट 2004 मध्ये! ठेवायची सोय आधी, उचलायची सहा वर्षांनी.

रेल्समध्येही लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, थ्रेडला चिकटलेलं असतं. ‘पत्त्यात भाषा असेल तरच लोकेल बदल’ अशी ओळ लिहिली, की भाषा नसलेल्या रिक्वेस्टला आधीच्याचं लोकेल मिळतं. ‘विथ लोकेल’च्या ब्लॉकमध्ये काम केलं तर मध्येच एरर आली तरी जुनी व्हॅल्यू परत बसते.

शोधायचं कसं? पूलमध्ये एकच थ्रेड ठेवावा, आधी मराठीची रिक्वेस्ट, मग भाषेविना. एरवी दहादा हुलकावणी देणारा बग आता हटकून सापडतो. उलट तो गायबच झाला, तर उष्ट्याचा संशय सोडावा आणि एकाच व्हेरिएबलवर दोन थ्रेड झोंबताहेत का ते बघावं. लॉगमध्ये थ्रेडचं नाव छापणं तर आधीपासूनच असावं.

रेल्स 5.2 पासून, म्हणजे 2018 पासून, रिक्वेस्टपुरती माहिती ठेवणारे ‘करंट ॲट्रिब्यूट्स’ दर रिक्वेस्टला आपोआप कोरे होतात. जावा 25 मधल्या ‘स्कोप्ड व्हॅल्यू’ला तर ‘सेट’ मेथडच ठेवलेली नाही, म्हणजे उष्टं मागे राहायला जागाच नको.