मांजराची लस कुत्र्याला

रत्नागिरीत आळीतलं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू अन्न सोडतं, ओकतं, त्याला रक्ताची हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत ते मरतं. पार्व्होचा हा आजार जुनापुराणा वाटतो. पण पशुवैद्यांना तो कळला १९७८ साली! मांजरांच्या विषाणूचा एक भाऊबंद किंचित बदलून कुत्र्यांत शिरला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आम्हाला नवल वाटतं ते लशीचं. कुत्र्यांसाठी लस नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मांजरांचीच टोचली. नातं जवळचं, त्यामुळे ती बऱ्यापैकी लागू पडली. आजारी पिल्लाला आजही मुख्य आधार सलाईनचाच, तोही लवकर मिळाला तर. विषाणू मात्र अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तिथे नवं पिल्लू आणायचं ते लस पूर्ण झाल्यावरच.