उलटं 'श्री राजा शिव'

मे 2024. उपयुक्त पाणीसाठा संपून उजनी धरण मायनसमध्ये गेलंय आणि करमाळा तालुक्यात, कुगावच्या गाळात तुम्ही घोट्याएवढे रुतून उभे आहात. एरवी पाण्याखाली असणारा इनामदारांचा वाडा समोर उघडा पडलाय. खिशात आजीच्या देव्हाऱ्यातलं तांब्याचं जुनं नाणं, शिवराई, आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव' उठावात. दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' असायला हवं, तिथं पुन्हा तेच 'श्री राजा शिव', पण आरशात दिसावं तसं उलटं आणि तांब्यात खोल गेलेलं. भावकीत दोन तट आहेत: एक म्हणतो खोटं, दुसरा म्हणतो लाखाचं. दोघांचं राहू द्या. नाणं मुठीत धरा आणि मागे चला.

सत्तरचं दशक. धरण अजून पुरं व्हायचंय. गाव उठतंय, बैलगाड्यांवर चौकटी, तुळया, उखळ, आणि वर बसवलेली म्हातारी माणसं. तरुण आजीच्या कनवटीला देव बांधलेत आणि देवांतच ही शिवराई. दर दिवाळीला ती चिंच लावून लखलखीत केली जाते. तुमचा हात नकळत पुढे होतो. शंभर-दोनशे वर्षांत तांब्यावर जो तपकिरी, हिरवट थर धरतो, तो नाण्याच्या वयाचा दाखला असतो. चिंचेचं आम्ल तो थर खातं, आणि खाली उरतं ते गुलाबीसर, नागडं तांबं. पण सासूसमोर देव काळे ठेवायची आजीची टाप नाही. हात मागे घ्या.

1860. रेल्वे यंदाच सोलापुरात पोचलीय. आठवडी बाजारात सरकारी पैशांच्या जोडीला शिवराया अजून चालतात. तुमची शिवराई मिरच्यांच्या ढिगावर पडते, उचलली जाते, पुढच्या कशात जाते. अक्षरांचे माथे असे बोटाबोटांनी गुळगुळीत होतात. नाण्याचा दर्जा ठरवताना जाणकार आधी ही झीज बघतो.

अजून मागे, पेशवाईत. टांकसाळ म्हणजे ठेक्यानं चालणारा सोनाराचा धगधगता कारखाना. धुरानं डोळे चुरचुरतात. तांब्याच्या चकत्या तापताहेत. खालचा ठसा ऐरणीत पक्का रोवलाय, त्यावर 'श्री राजा शिव' उलटं कोरलेलं. वरचा ठसा कारागिराच्या हातात, त्यावर 'छत्र पति'. मध्ये चकती, वरून घण. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर काही अक्षरं कापली जातात. तसली नाणी घेऊन 'एरर कॉइन' म्हणून बाजारात फिरणाऱ्यांना इथे आणून बसवावं! हाताच्या कामात ते रोजचंच आहे, त्यात चूक कसली?

आता नीट बघा. घण पडला, ठसा उचलला, पण नाणं ऐरणीवर दिसत नाही. ते वरच्या ठशालाच चिकटून वर गेलंय. कारागिराचं लक्ष नाही. नवी चकती ठेवली गेली. पुन्हा घण. खालून 'श्री राजा शिव' नेहमीसारखं उठलं. वरून मात्र चिकटलेल्या नाण्याची खालची बाजू चकतीत रुतली. तीच तुमची शिवराई. संग्राहक याला ब्रॉकेज म्हणतात. कारागीर शिवी हासडतो, ठसा ऐरणीच्या कडेवर आपटून अडकलेलं नाणं पाडतो आणि दोन्ही नाणी ढिगात फेकतो. तांबं मोलाचं आहे, चलनाला चालतं.

परत या. आता दोन तटांचा निवाडा तुम्हीच करू शकता. दोन नाणी शेगड्यात दाबून केलेली लबाडी असती, तर खोलगट अक्षरांच्या आसपास चिरडलेल्या 'छत्र पति'च्या खुणा उरल्या असत्या. भिंगाखाली इथे एकही नाही. म्हणजे चूक अस्सल, टांकसाळीतली. वजन 9 ग्रॅमच्या आसपास. शिवकालीन शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅमची, म्हणून तुमची नंतरची. दर्जा? अमेरिकेच्या विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये आणलेली 70 अंकांची पट्टी आज जगभर चालते, पण धुतलेल्या नाण्याला प्रमाणन करणाऱ्या संस्था सहसा अंकच देत नाहीत. 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. लाखवाल्या भावाला हे आधी सांगा. नंतर नाशिकजवळच्या अंजनेरीला, नाणेशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांना दाखवा.

आणि पायाखालच्या गाळात काही चमकलंच, तर ते वारसा म्हणून खिशात टाकता येत नाही. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे; जमिनीत दडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल, तर त्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. आजीच्या नाण्याला हा कायदा लागत नाही. मात्र शंभर वर्षांवरचं असल्यानं 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं तेही खासगी माणसाला देशाबाहेर विकता येणार नाही. परदेशातल्या लिलावाचे भाव मोबाइलवर दाखवणाऱ्या पुतण्याला एवढं ऐकवा.